खामगावची रुई आणि सरकी

बुलडाणा जिल्ह्यात शाळेची सहल निघाली की ठिकाणे बहुधा ठरलेली असतात. लोणारचे विवर, सिंदखेडराजाचा जिजाऊंचा वाडा, शेगावचे मंदिर आणि वेळ उरलाच तर ज्ञानगंगेचे जंगल. ही सगळी पाहण्यासारखीच आहेत. पण याच जिल्ह्यात खामगाव नावाचे एक गाव आहे. साधारण १८७० च्या सुमारास ते वऱ्हाडातली सर्वांत मोठी कापसाची पेठ होते आणि त्या गावाच्या भावावर मुंबईचे व लिव्हरपूलचे व्यापारी नजर ठेवून असत. तिथले जुने जिनिंग-प्रेसिंग मुलांना दाखवावे असे मात्र सहसा कोणाच्या मनात येत नाही. कारखाना ही काय पाहण्याची वस्तू आहे, असे आपल्याला वाटते.

सगळीकडेच असे वाटत नाही. जर्मनीत लाइपझिग नावाचे शहर आहे. शहराच्या मधून नदीकाठचे जंगल जाते. दक्षिणेकडच्या तपकिरी कोळशाच्या उघड्या खाणी बंद झाल्यावर त्यांत पाणी भरून तळी केली आहेत आणि लोक तिथे पोहायला जातात. याच शहराच्या प्लागविट्झ भागात १८८४ साली एक सूतगिरणी सुरू झाली. ती एके काळी युरोप खंडातील सर्वांत मोठ्या गिरण्यांत गणली जाई. जर्मनीच्या एकीकरणानंतर १९९० च्या दशकात चात्या थांबल्या. इमारती मात्र पाडल्या नाहीत. आज तिथे चित्रकारांचे स्टुडिओ आणि प्रदर्शनाची दालने आहेत. गिरणी पाहायला लोक दुरून येतात, आणि तिचा इतिहास सांगताना या गिरणीने पूर्व आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीत कापसाचे मळे केले होते हेही सांगितले जाते.

त्या काळच्या जर्मन गिरण्यांना हिंदुस्थानचा आखूड धाग्याचा कापूस लागत असे. म्हणजे त्यांनी धाग्याचे एक टोक जपले आहे. दुसरे टोक आपल्याकडे आहे. ते कसे घडले, आणि त्या घडणीत शेतकऱ्याच्या हातातून काय निसटले, हे या लेखात पाहू या.

बैलाच्या पाठीवरून

खामगाव हे फार जुने शहर नव्हे. साधारण १८२० च्या सुमारास काही व्यापाऱ्यांनी इथे दुकाने घातली. तूप, सूत आणि थोडाफार कापूस असा त्यांचा व्यापार होता. त्या काळी वऱ्हाडचा कापूस लमाणांच्या बैलतांड्यांवर लादून उत्तरेकडे, गंगेकाठच्या मिर्झापूरला जात असे. तिथून तो होड्यांतून बंगालकडे जाई. मुंबईचा रस्ता नंतर सुरू झाला. पेस्तनजी यांच्या पेढीने १८२५-२६ साली पहिल्यांदा वऱ्हाडचा कापूस थेट मुंबईला पाठवला. तो १,२०,००० पौंड होता आणि त्यासाठी ५०० बैल लागले.

या आकड्यावर वर्गात एक छोटे गणित होते. एका बैलावर २४० पौंड, म्हणजे सुमारे ११० किलो ओझे. पुढे मुंबईच्या व्यापारात ३९२ पौंडांची दाबलेली गाठ रूढ झाली. दोन गाठी म्हणजे ७८४ पौंडांची एक खंडी. या हिशेबाने पाचशे बैलांचा तो सगळा तांडा सुमारे ३०६ गाठी वाहून नेत होता. तेवढा माल पुढे मालगाडीच्या मोजक्या डब्यांत मावू लागला. बैलांना वाटेत चारापाणी लागे, घाट चढावा लागे, आणि पाऊस आला तर रुई भिजे. माल मुंबईला पोचेपर्यंत त्यात धूळ आणि ओल किती शिरली असेल, याची कल्पना करता येईल.

१८५३ साली निजामाने फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. त्याच वर्षी मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली. या दोन गोष्टींचा संबंध वऱ्हाडला पुढच्या पंधरा वर्षांत कळायचा होता.

अमेरिकेतले युद्ध आणि आठ मैलांची रेल्वे

लँकेशायरच्या गिरण्या तोवर मुख्यतः अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतला, गुलामांच्या श्रमातून पिकलेला कापूस वापरत. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. दक्षिणेची बंदरे बंद पडली आणि इंग्लंडच्या गिरण्या हिंदुस्थानकडे वळल्या. मुंबईत कापसाचे भाव कधी नव्हे इतके चढले, आणि १८६५ साली युद्ध संपताच तितक्याच वेगाने कोसळले. पण तोवर सरकारला आणि मँचेस्टरच्या गिरणीमालकांना वऱ्हाडची काळी जमीन ठाऊक झाली होती. मध्य प्रांत व वऱ्हाडासाठी जे. एच. रिव्हेट-कार्नाक या अधिकाऱ्याची खास ‘कापूस आयुक्त’ म्हणून नेमणूक झाली. एका पिकासाठी वेगळा आयुक्त नेमला जातो, यावरून त्या पिकाचे मोल लक्षात यावे.

१८६७ साली भुसावळ-नागपूर रेल्वे पूर्ण झाली. त्याच वर्षी खामगावला नगरपालिका आली. पण मुख्य रेल्वे खामगावहून जात नव्हती. ती उत्तरेला जलंबवरून गेली होती. मग जलंब ते खामगाव अशी केवळ आठ मैलांची, म्हणजे सुमारे १३ किलोमीटरची शाखा सरकारी खर्चाने बांधण्यात आली. बडनेरा-अमरावती ही शाखादेखील अशीच कापसासाठी झाली. खामगावची शाखा १८७० साली खुली झाली, आणि त्या समारंभाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले. आठ मैलांच्या रेल्वेसाठी व्हाइसरॉय येतो ही गोष्ट आज नवलाची वाटते. पण त्या आठ मैलांच्या पुढे काय काय जोडले गेले होते ते पाहा. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला होता. १८७० साली समुद्रातून टाकलेल्या तारेने मुंबई आणि लंडन जोडले गेले. खामगावच्या बाजारात सकाळी बोलला जाणारा भाव आणि लिव्हरपूलचा भाव यांच्यात पूर्वी महिन्यांचे अंतर असे. ते आता काही तासांवर आले.

१८७० च्या दशकात फोल्कार्ट ब्रदर्स या स्वित्झर्लंडमधल्या पेढीने खामगावात आपला प्रेस उभा केला. परदेशी पेढ्यांचे लोक मुंबईत न थांबता थेट पेठेत येऊन बसले.

एका पेशीचा धागा

आता जरा जिनच्या आत जाऊ. कापसाचा धागा म्हणजे काय, हे आधी समजून घेतले तर यंत्र समजायला सोपे जाते. कापसाच्या बीचे, म्हणजे सरकीचे जे बाह्य आवरण असते, त्यातल्या काही पेशी लांबच लांब वाढतात. प्रत्येक धागा ही एकच पेशी असते. देशी कापसात ती दोन सेंटिमीटरच्या आसपास, तर काही जातींत तीन सेंटिमीटरहूनही लांब होते. बोंड उकलले की ही पेशी वाळते, चपटी होते आणि पीळ खाते. या पिळामुळेच धागे एकमेकांत अडकतात आणि सूत निघते. वेचलेल्या कापसात वजनाने ढोबळमानाने एक तृतीयांश रुई असते आणि दोन तृतीयांश सरकी.

रुई सरकीपासून वेगळी करणे म्हणजे ‘जिनिंग’. आपल्याकडे हे काम फार जुने आहे. बुलडाण्याच्या दक्षिणेला जी अजिंठ्याची डोंगररांग आहे, तिच्यातल्याच लेण्यांच्या भित्तिचित्रांत लाटण्यासारख्या रुळाने सरकी काढण्याची कृती अभ्यासकांनी ओळखली आहे. मध्ययुगात दोन रुळांची चरखी आली. मळसूत्री आटे असलेले दोन लाकडी रूळ उलट दिशांनी फिरत, धागा पलीकडे ओढला जाई आणि सरकी अलीकडे पडे. ही चरखी घरोघर असे आणि बहुधा बायका ती चालवत.

अमेरिकेत १७९३-९४ साली एली व्हिटनीने करवतीच्या दात्यांचे जिन केले होते. पण ते आपल्या आखूड धाग्याला मानवेना. दाते धागा ओढताना तोडत. आपल्याकडे रुळाचेच जिन रुजले. फोन्स मॅकार्थी या अमेरिकन माणसाने १८४० साली त्याचे पेटंट घेतले होते. त्यात चामडे गुंडाळलेला रूळ फिरतो आणि त्याला चिकटून धागा पुढे जातो. रुळाला टेकलेल्या स्थिर पात्यामुळे सरकी अडते आणि वरखाली हलणारे दुसरे पाते तिला ठोकून खाली पाडते. म्हणजे तत्त्व आपल्या चरखीच्या जवळचेच होते. फरक पडला तो वाफेच्या इंजिनाने. एका लांब दांड्यावर पट्टे चढवून ओळीने अनेक जिन एकाच वेळी चालू लागली. आज आपल्याकडे सर्रास दिसणारे दोन रुळांचे जिन हे याच मॅकार्थी जिनचे वंशज आहे.

गाठ का दाबायची?

रुई हलकी पण फुगीर. जहाजाचे भाडे मात्र वजनावर नव्हे, तर व्यापलेल्या जागेवर आकारले जाई. चाळीस घनफूट म्हणजे जहाजाचा एक टन, असा हिशेब होता. म्हणून रुई जितकी दाबावी तितके भाडे वाचे. दुसरा फायदा आगीचा. मोकळ्या रुईत हवा खेळती असते आणि ठिणगी पडली तर ती भडकते. घट्ट गाठीत हवा नसल्याने ती सावकाश धुमसते.

दाबण्यासाठी जो जलदाबाचा प्रेस वापरला जातो, त्याच्यामागे आठवी-नववीच्या पुस्तकातला पास्कलचा नियम आहे. जोसेफ ब्रामाने १७९५ साली असे यंत्र केले. समजा, लहान पंपाचा दट्ट्या अडीच सेंटिमीटर व्यासाचा आहे आणि मोठा दट्ट्या पंचवीस सेंटिमीटर व्यासाचा. व्यास दहापट, म्हणून क्षेत्रफळ शंभरपट. लहान दट्ट्यावर १०० किलोचा भार दिला तर मोठ्या दट्ट्यावर १०,००० किलोचा भार उचलला जाईल. मात्र निसर्ग फुकट काही देत नाही. लहान दट्ट्या एक मीटर खाली गेला तर मोठा केवळ एक सेंटिमीटर वर येईल. म्हणून पंप पुन्हा पुन्हा चालवावा लागतो आणि ते काम वाफेचे इंजिन न थकता करते. हे गणित फळ्यावर सोडवून मग मुलांना प्रेससमोर उभे केले, तर नियम पुस्तकाबाहेर आलेला त्यांना दिसेल.

सरकी घरातून गेली

इथवरची गोष्ट प्रगतीची वाटते, आणि ती खोटी नाही. पण तिची दुसरी बाजू सरकीत आहे.

जोवर चरखी घरात होती, तोवर सरकीही घरात राहत होती. शेतकरी रुई विकी आणि सरकी ठेवून घेई. काही जनावरांना घाली आणि चांगल्या बोंडांची निवडून पुढच्या मृगात पेरी. ही निवड म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या चाललेले बीजसंवर्धनच होते. वाफेची जिन आली तसा शेतकरी सरकीसकट कापूस विकू लागला. दहा गावांचा कापूस एका आवारात पडला, एकाच यंत्रातून गेला आणि दहा गावांची सरकी एका ढिगात मिसळली. पेरणीच्या वेळी शेतकऱ्याला याच ढिगातले बी विकत घ्यावे लागे. यंत्रात काही बी फुटलेले असे. मोठ्या ढिगातल्या सरकीचा श्वसनाने उबारा वाढे आणि उगवण आणखी घटे.

याचा परिणाम जातींवर झाला. वऱ्हाडात ‘बनी’ नावाचा लांब, मऊ धाग्याचा कापूस होता. त्याचा रुईचा उतारा कमी. दुसरा ‘जरी’ हा जाड आणि आखूड धाग्याचा, पण उतारा जास्त. समजा, शंभर किलो कापसातून एकाची २८ किलो रुई निघते आणि दुसऱ्याची ३६ किलो. बाजारात सगळा माल मिसळूनच जाणार असेल आणि ‘ऊमरा’ या एकाच व्यापारी नावाने खपणार असेल, तर लांब धाग्याचे वेगळे दाम कोण देणार? मग शेतकऱ्याने जास्त उताऱ्याचे पीक घेतले यात त्याचे काय चुकले? पुढे १८९३ साली मुंबई ते जपान थेट जहाजे सुरू झाली. जपानी गिरण्यांना आखूड धागा चालत होता, त्यामुळे जाड कापसाला गिऱ्हाईकही मिळाले. विसाव्या शतकाच्या आरंभी खुद्द कृषी खात्याने जास्त उताऱ्याचा ‘रोझियम’ हा प्रकार पसरवला. बनी मागे पडत गेली.

भेसळ फार झाली तेव्हा गिरणीमालकच ओरडू लागले. १९२१ साली इंडियन सेंट्रल कॉटन कमिटी स्थापन झाली. १९२३ साली एका भागातला कापूस दुसऱ्या भागात नेण्यावर नियंत्रण ठेवणारा कायदा झाला. १९२५ सालच्या जिनिंग-प्रेसिंग कायद्याने प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण उमटवणे बंधनकारक केले. म्हणजे गाठ कुठून आली याचा माग ठेवण्याची सोय झाली. सरकी कुठून आली याचा माग मात्र शेतकऱ्याच्या हाती परत आला नाही. १९७० साली सुरतेहून ‘एच-४’ हा संकरित कापूस आला, आणि संकरित बी तर दर वर्षी विकतच घ्यावे लागते. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली. आज बुलडाण्याचा शेतकरी जूनमध्ये बियाण्याच्या पाकिटासाठी दुकानासमोर उभा राहतो. बियाणे कंपन्यांची चर्चा करताना आपण ही गोष्ट २००२ पासून सुरू करतो. खरे तर तिची सुरुवात वाफेच्या जिनपासून झाली.

जिनच्या आतले आणि बाहेरचे

आणखी दोन गोष्टी सांगितल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही.

पहिली मजुरांची. १८८१ चा पहिला कारखाना कायदा शंभर किंवा अधिक कामगारांच्या आणि वर्षात किमान चार महिने चालणाऱ्या कारखान्यांनाच लागू होता. हंगामी जिन त्यातून सहज सुटली. १८८४-८५ साली मुंबई सरकारच्या आयोगापुढे शेजारच्या खानदेशातल्या जिनबद्दल साक्षी झाल्या. हंगामात बायका पहाटेपासून रात्रीपर्यंत, कधी रात्रंदिवस काम करतात, असे त्यांत सांगितले गेले. हंगामी कारखाने खऱ्या अर्थाने कायद्याखाली यायला १९११ साल उजाडावे लागले. शिवाय जिनच्या हवेत रुईची तूस असते. ती वर्षानुवर्षे श्वासातून गेली की छाती आवळल्यासारखी होते, दम लागतो. या रोगाला बायसिनोसिस म्हणतात.

दुसरी गोष्ट दुष्काळाची. कापसाचे क्षेत्र वाढले आणि शेतकऱ्याचे पोट बाजारातून विकत घेतलेल्या ज्वारीवर अवलंबून राहू लागले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत ज्वारी कडाडली आणि मजुराच्या हाताला काम उरले नाही. १८९१ च्या खानेसुमारीत वऱ्हाडची वस्ती सुमारे २९ लाख होती, ती १९०१ साली साडेसत्तावीस लाखांवर आली. रेल्वे होती, तारायंत्र होते, पेठ होती. पण रेल्वे धान्य तिकडेच नेते, जिथे ते विकत घेणारा असतो.

याच वऱ्हाडात एक चांगली गोष्टही घडली. १८८६ साली कारंजा येथे देशातली पहिली नियंत्रित कापूसपेठ सुरू झाली आणि १८९७ साली वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. आजच्या बाजार समित्यांचे मूळ तिथे आहे. वजन, अडत आणि भाव यांना नियम असावेत, ही कल्पना कापसाच्या पेठेतूनच आली.

१९०५ साली जिल्ह्यांची फेररचना झाली आणि तोवर अकोला जिल्ह्यात असलेले खामगाव बुलडाणा जिल्ह्यात आले. पहिल्या क्रमांकाचा मान तोपर्यंत अकोला आणि अमरावतीकडे गेला होता.

शाळेला काय करता येईल?

वऱ्हाडातली जुनी जिनची आवारे झपाट्याने कमी होत आहेत. गावाच्या मध्यावरची ती मोठी मोकळी जागा असते, म्हणून तिचे प्लॉट पडतात. यंत्रे भंगारात जातात आणि हिशेबाच्या वह्या रद्दीत. सगळे जपता येणार नाही. पण नोंद तरी ठेवता येईल, आणि ती ठेवायला सरकारी परवानगी लागत नाही.

आठवी-नववीच्या मुलांसाठी काही कामे सुचवतो.

१. आपल्या गावातल्या किंवा तालुक्यातल्या जुन्या जिनचा नकाशा काढा. धुराडे, पाण्याची टाकी, लांब शेड, सरकीचे गोदाम, कापूस वाळत टाकायचे पटांगण आणि रेल्वेचा रूळ कुठे होता, हे त्यात दाखवा. टाकी इतकी मोठी का लागत असे, याचे उत्तर बॉयलरमध्ये शोधा.

२. यंत्रांवरच्या ओतीव पाट्या उतरवून घ्या. त्यांवर बहुधा कारखान्याचे नाव आणि गाव असते. ते गाव नकाशात शोधा.

३. दोन-तीन शेतांतला कापूस आणून एका सरकीवरचे धागे हलक्या हाताने विंचरा आणि काळ्या कागदावर ठेवून मोजा. मग ठरावीक वजनाच्या कापसातली रुई हाताने वेगळी करून उतारा काढा. लांबी आणि उतारा यांचा आलेख मांडा.

४. जिनमधून आणलेल्या शंभर सरक्या शेण-राखेत चोळून, धुऊन, ओल्या गोणपाटात गुंडाळा आणि आठ दिवसांनी किती उगवल्या ते मोजा. पाकिटातले रंगवलेले बी मात्र घेऊ नका. त्याला विषारी औषध लावलेले असते.

५. जिनमध्ये काम केलेल्या आजी-आजोबांशी बोला. पाळी किती तासांची होती, मजुरी कशी मिळे, तूस नाकात जाऊ नये म्हणून काय करत, आणि पेरणीची सरकी त्या काळी कुठून आणत, हे विचारा.

चालू जिन पाहायचे असेल तर दिवाळीनंतरचा हंगाम बरा. मालकांची परवानगी घ्या, फिरत्या पट्ट्यांपासून मुलांना लांब ठेवा, नाकाला रुमाल बांधा. आणि परतताना मूठभर सरकी मागून आणा. वर्गात ती वाटून द्या आणि मुलांना विचारा, हे बी आज कोणाचे आहे?